‘हाऊ डू यू डू’ला ‘आय अ‍ॅम फाइन’ नको : इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकांच्या पहिल्या धड्याची तपासणी

एसटी स्टँडवरच्या टपरीत, रेल्वे फलाटावरच्या स्टॉलवर आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक पुस्तक वर्षानुवर्षं खपतं. नाव बदलतं, मुखपृष्ठावरचा टायवाला माणूस बदलतो, किती दिवसांत इंग्रजी येईल तो आकडा बदलतो. पहिला धडा मात्र तोच. डावीकडे मराठी, मधे इंग्रजी, उजवीकडे देवनागरीत उच्चार आणि वर मथळा : ‘अभिवादन’ किंवा ‘नेहमीचे शिष्टाचार’. हे परीक्षण कुठल्याही एका पुस्तकाचं नाही, त्या एका धड्याचं आहे. बाकीची पानं कोरी करकरीत राहिली तरी हा धडा प्रत्येकाचा वाचून होतो, आणि परदेशी साहेबासमोर किंवा व्हिसाच्या खिडकीवर तोंडातून पहिलं वाक्य यातलंच बाहेर पडतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. धडा घेण्यासारखा आहे. वाक्यं बहुतेक बरोबर असतात. चुकतं ते माप. कोणाला म्हणायचं, कितव्या भेटीत म्हणायचं, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि समोरून तेच आलं तर उलट काय म्हणायचं, हे चार रकाने छापलेले नसतात. पेन्सिल घेऊन बसलात तर पुस्तक कामाचं, नाहीतर घोटाळ्याचं.

घोटाळ्याचं मूळ पहिल्याच ओळीत सापडतं. ‘तू कसा आहेस?’ आणि ‘आपण कसे आहात?’ या दोन्हींसमोर छापलेलं असतं, ‘हाऊ आर यू?’ मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आपण न कळत चढतो-उतरतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. शिकणाऱ्याला वाटतं, आदर गळून पडला. मग तो भरून काढायला एकेका वाक्यात दोन-दोन वेळा ‘सर’ येतं. गंमत अशी की इंग्रजीतही ‘तू’ होता. ‘दाऊ’ हे एकेरी सर्वनाम सतराव्या शतकात प्रमाण बोलीतून मागे पडलं आणि अनेकवचनी, आदरार्थी ‘यू’ तेवढं उरलं. म्हणजे इंग्रज माणूस घरच्या कुत्र्यालाही ‘तुम्ही’च म्हणतो. आदर गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे : अभिवादनाचा कुठला शब्द निवडलात, नावाआधी काय लावलंत आणि वाक्य पुरतं म्हटलंत की तोडून, या तीन ठिकाणी तो जाऊन बसला आहे.

ढोबळ नियम असा की जितके शब्द जास्त आणि जितके पुरते उच्चारलेले, तितकं अंतर जास्त. ‘गुड मॉर्निंग, मिसेस क्लार्क’ सगळ्यात लांबचं. नुसतं ‘गुड मॉर्निंग’ त्याहून जवळचं. रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याला ‘गुड’ गाळून ‘मॉर्निंग!’ ‘हॅलो’ मधोमध, कुठेही खपणारं. ‘हाय’ ओळखीच्यांना, आणि आता कचेरीतही. ‘हे’ दोस्तांना. पुस्तकात हे सगळे शब्द ‘नमस्कार’ या एकाच शब्दासमोर स्वल्पविराम देऊन ओळीने उभे असतात, जणू कुठलाही उचला, भाव सारखाच.

‘हे’बद्दल जरा सावध. अमेरिकेत मित्रमंडळींत तो सर्रास चालतो. पण अनोळखी वयस्कर माणसाला, विशेषतः ब्रिटनमध्ये, तो खडा मारून हाक घातल्यासारखा लागू शकतो. मराठी कानाला कसोटी सोपी आहे : जिथे ‘ए’ किंवा ‘काय रे’ म्हणायला जीभ धजावणार नाही, तिथे ‘हे’ही नको.

‘हॅलो’चा उच्चार पुस्तकात बरोबर असतो, सूर नसतो. हा शब्द आधी हाक मारायला आणि आश्चर्य दाखवायला वापरला जाई. टेलिफोन आला तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेलला जहाजावरची ‘अहॉय’ ही हाक पसंत होती. थॉमस एडिसनने १८७७ मधल्या एका पत्रात ‘हॅलो’ सुचवला आणि तोच टिकला. हाकेचा तो जुना अंश अजून सुरात आहे. शेवटी आवाज वर नेला तर ‘कोणी आहे का?’, शेवटी खाली आणला तर ‘नमस्कार’. दुकानात शिरताना खालचा सूर हवा. आपण फोनवरच्या सवयीने समोरासमोरही वरचा लावतो, आणि काउंटरवरच्या माणसाला वाटतं, गिऱ्हाईक खोळंबलंय. ‘हॅलोऽऽ’ असा लांबवून हेल काढला तर अर्थ होतो ‘डोकं ठिकाणावर आहे का?’

फोनचा विषय निघालाच आहे तर तिथली ओळ खोडूनच टाका. ‘कोण बोलतंय?’चं भाषांतर ‘हू आर यू?’ असं दिलं असेल तर ते दरडावणं आहे. ‘हूज कॉलिंग, प्लीज?’ हवं. आणि स्वतःचं नाव सांगताना फोनवर ‘धिस इज सचिन’. समोरासमोर ‘आय अ‍ॅम सचिन’. ‘मायसेल्फ सचिन’ कुठेच नाही. त्याच्याच शेजारी बसलेलं ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ हे आपल्या ‘शुभ नाव’चं शब्दशः रूप आहे, भारताबाहेर ऐकणारा क्षणभर विचार करतो की वाईट नाव कुठलं असतं.

आता धड्याच्या मध्यभागी बसलेली दोन वाक्यं. सगळ्यात जास्त गोंधळ यांचाच.

‘हाऊ डू यू डू?’ हा प्रश्न दिसतो, प्रश्न नाही. पहिल्या ओळखीच्या वेळी एकदाच म्हणायचा, आणि त्याचं उत्तर म्हणजे तेच वाक्य परत : ‘हाऊ डू यू डू?’ पुस्तकं त्याच्याखाली ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू’ छापतात, हे सरळ चूक आहे. शिवाय हे वाक्य आता म्हातारं झालंय. ब्रिटनमधल्या अगदी औपचारिक प्रसंगांत ऐकू येतं, तरुणांच्या तोंडी जवळजवळ नाहीच. त्याच्या जागी ‘नाइस टू मीट यू’ किंवा थोडं भारदस्त ‘प्लीज्ड टू मीट यू’. उत्तर देताना शेवटी ‘टू’ जोडा : ‘नाइस टू मीट यू टू’. इथला खड्डा असा की ‘मीट’ पहिल्या भेटीलाच. दुसऱ्या खेपेला त्याच माणसाला ‘नाइस टू मीट यू’ म्हटलंत, तर तुम्ही त्याला विसरलात असा अर्थ निघतो. तेव्हा ‘नाइस टू सी यू’ किंवा ‘गुड टू सी यू अगेन’. मीट आणि सी यांतला हा फरक सांगणारं पुस्तक हातात आलं तर फार विचार न करता घ्या.

‘हाऊ आर यू?’ची गत वेगळी. हा प्रश्न आहे, पण माहितीसाठी नाही. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं : सांगण्यासाठी नव्हे, संबंध राखण्यासाठी केलेलं बोलणं. आपल्याकडे ‘काय, जेवण झालं का?’ विचारणारा काही पान वाढायला बसलेला नसतो, तसंच हे. त्यामुळे उत्तर तीन-चार शब्दांचं आणि प्रश्न लगेच परत. ‘फाइन, थँक्स. हाऊ आर यू?’ गुडघेदुखी, कर्जाचा हप्ता, मुलाची दहावी यातलं काहीही अनोळखी माणसाला सांगायचं नसतं. अमेरिकेत दुकानातला कॅशियरही हे विचारतो. आपल्या वस्तू पट्ट्यावर ठेवता ठेवताच ‘गुड, थँक्स, हाऊ आर यू?’ म्हणायचं, हात थांबवायची गरज नाही.

यात एक बारकावा असा आहे जो उच्चाराच्या रकान्यात मावतच नाही. विचारणारा सहसा ‘आर’वर जोर देतो : हाऊ आर यू? परत विचारणारा ‘यू’वर : हाऊ आर यू? म्हणजे ‘आणि तुम्ही कसे?’ मराठीत हे काम ‘आणि’ किंवा ‘तुमचं काय’ करतं, इंग्रजीत एकटा जोर करतो. तिन्ही शब्दांवर सारखा भार टाकून उत्तरलात तर आधीचं ऐकलंच नाही असं वाटतं. पेन्सिलने पहिल्या वेळी ‘आर’खाली, दुसऱ्या वेळी ‘यू’खाली रेघ ओढा आणि दहा वेळा मोठ्याने म्हणा. सबंध धड्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दिसणारा फायदा हाच.

उत्तरांचंही वजन असतं. नुसतं ‘फाइन’, मागे ‘थँक्स’ नाही आणि सूर सपाट, हे रुसल्यासारखं लागतं. ब्रिटिश माणूस ‘नॉट बॅड’ म्हणाला तर बरं चाललंय असं समजा. ‘वाईट नाही’ एवढ्यावर थांबून त्याची काळजी करत बसू नका. ‘आय अ‍ॅम गुड’ अमेरिकेतून आलं आणि सगळीकडे पसरलं. जुन्या वळणाच्या शिक्षकांना तिथे ‘वेल’ हवं असतं. पुस्तकांतलं ‘सो-सो’ मात्र बोलण्यात फार क्वचित भेटतं.

देशोदेशी याच प्रश्नाचे अवतार आहेत आणि धड्यात त्यांचा पत्ता नसतो. इंग्लंडमध्ये ‘यू ऑल राइट?’ किंवा ‘ऑलराइट?’ विचारतात. नव्याने गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला वाटतं, आपला चेहरा उतरलेला दिसतोय की काय. उत्तर : ‘या, यू?’, म्हणजे ‘हो, तुम्ही?’ संपलं. ऑस्ट्रेलियात ‘हाऊ यू गोइंग?’ याचं उत्तर बस किंवा ट्रेन नाही, ‘गुड, यू?’ आहे. अमेरिकेत ‘व्हॉट्स अप?’ला ‘फाइन’ जुळत नाही, कारण प्रश्न ‘कसा’ नाही, ‘काय’ आहे; ‘नॉट मच’ म्हणतात. इंग्लंडच्या उत्तरेकडे अभिवादन ‘हाया’, यॉर्कशरकडे ‘ए अप’. नॉटिंगहॅम-डर्बीच्या भागात बसचालक किंवा दुकानदारीण तुम्हाला ‘डक’ म्हणेल, इतरत्र ‘लव्ह’ म्हणतील. त्यात ना बदकाचा संबंध, ना प्रेमाचा. ‘मेट’, ‘ड्यूड’, ‘ब्रो’ हे शब्द आधी समोरून येऊ द्यावेत, मगच परत करावेत. घोळक्याला ‘गाइज’ म्हणण्याची चाल आहे, त्यात बायकाही धरतात. पण सगळ्यांना ते रुचत नाही. ‘एव्हरीवन’ला कोणाची हरकत नसते.

वेळेची अभिवादनं सोपी, म्हणून पटकन. बारापर्यंत मॉर्निंग, पाच-सहापर्यंत आफ्टरनून, पुढे ईव्हनिंग. रात्री दहाला भेटलात तरी ‘गुड ईव्हनिंग’च, कारण ‘गुड नाइट’ निरोपाचं आहे. ‘गुड नून’ आपल्याकडच्या सूत्रसंचालकांची खास देणगी. बाहेर नेऊ नका. ‘गुड डे’ बिस्किटाच्या पुड्यावर शोभतं. ऑस्ट्रेलियात त्याचं ‘गिडाय’ झालंय आणि ते खरंच दोस्तीचं आहे. अमेरिकेत पुरतं ‘गुड डे’ म्हटलं तर ‘या आता’ असा कोरडा निरोप वाटतो.

नावाचं प्रकरण बहुतेक पुस्तकं दोन ओळींत उरकतात. खरं तर आदर मुख्यतः इथेच राहतो. मिस्टर, मिसेस, मिझ हे आडनावाआधी. ‘मिस्टर संजय’ नाही, ‘मिस्टर पाटील’. बाईंचं लग्न झालंय की नाही हे ठाऊक नसेल, आणि ठाऊक असायचं कारणही नसतं, तर ‘मिझ’. उच्चाराच्या रकान्यात त्याला ‘मिस’ लिहिलं असेल तर दुरुस्त करा, शेवटी झ आहे. ‘पाटील सर’, ‘जोशी मॅडम’ पुण्या-नाशकाच्या कचेरीत अगदी योग्य, मँचेस्टरच्या कचेरीत परकं. तिथे पहिल्या भेटीत मिस्टर-आडनाव, आणि समोरचा ‘कॉल मी डेव्हिड’ म्हणाला की त्या क्षणापासून डेव्हिड. एवढं सांगूनही ‘सर’ चालूच ठेवलंत तर तो आदर राहत नाही, अंतर ठेवल्यासारखं होतं. ब्रिटनमध्ये ‘सर’ मुख्यतः शाळेतली मुलं मास्तरांना आणि दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतात. गिऱ्हाइकाने दुकानदाराला ‘सर’ म्हटलं तर गाडी उलटी फिरते. अमेरिकेच्या दक्षिणेकडे ‘सर’ आणि ‘मॅम’ रोजच्या बोलण्यात आहेत. ब्रिटनमधल्या इस्पितळात आणखी एक चकवा : फिजिशियन ‘डॉक्टर’, पण सर्जन ‘मिस्टर’, ‘मिस’ किंवा ‘मिझ’. त्याला मिस्टर म्हणणं म्हणजे पदवी काढून घेणं नव्हे, तो तिथला जुना मान आहे.

काका, काकू, मावशी, दादा यांना अनोळखी माणसासाठी इंग्रजीत जागा नाही. ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणून रस्ता विचारू नका. मग हाक कशी मारायची? मारायचीच नाही. ‘एक्सक्यूज मी’ने सुरुवात, ब्रिटनमध्ये ‘सॉरी’नेही, आणि लगेच ‘कुड यू टेल मी...’ आपला ‘तुम्ही’ इथे ‘कुड’मध्ये लपलेला आहे. वाट विचारण्याआधी ‘हाऊ आर यू?’ची गरज नाही, उलट समोरचा बिचकतो. तब्येत विचारणारा अनोळखी माणूस काहीतरी विकायला आलाय असं त्याला वाटतं.

आणि कुठे काहीच म्हणायचं नाही, हे तर कुठल्याच धड्यात नसतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत शेजारच्याला ‘गुड मॉर्निंग’ घालू नये. त्याच देशात डोंगरवाटेवर समोरून अनोळखी माणूस आला तर ‘मॉर्निंग’ किंवा ‘हॅलो’ म्हणतात. बसमधून उतरताना बऱ्याच गावांत चालकाला ‘थँक यू’ म्हणण्याची रीत आहे. लिफ्टमध्ये मान हलवली तरी भागतं. गर्दी जितकी जास्त तितकं बोलणं कमी, असं धरून चालावं.

धड्याच्या शेवटच्या भागात काही पुस्तकं मराठी रीती इंग्रजीत ओततात, तिथे पेन्सिल नव्हे, खोडरबर लागतं. ‘काय म्हणताय?’चं ‘व्हॉट आर यू सेइंग?’ म्हणजे ‘काय बरळताय?’ ‘कुठे निघालात?’चं ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ही आपल्याकडे आपुलकी, तिकडे चौकशी. ‘काय चाललंय?’ला ‘व्हॉट इज गोइंग ऑन हिअर?’ म्हटलं तर पोलिसाने दार उघडल्यासारखं वाटतं. मित्राला ‘हाऊज इट गोइंग?’ म्हणावं. ‘या, बसा’चं ‘कम, सिट’ हुकूम होतो. ‘कम इन, हॅव अ सीट’ असं सैल सोडावं लागतं. ‘या परत’साठी ‘कम अगेन’ लिहिलेलं असतं. प्रश्नार्थी सुरात त्याचा अर्थ ‘काय म्हणालात?’ असाही होतो. ‘गाव कुठलं?’ हा आपला हक्काचा दुसरा प्रश्न. पण ब्रिटन-अमेरिकेत गोऱ्या नसलेल्या माणसाला, जो कदाचित तिथेच जन्मलेला आहे, पहिल्या दोन मिनिटांत ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ विचारणं खुपू शकतं. हवापाण्यावर बोला. इंग्लंडात तो विषय संपत नाही.

लेखी अभिवादनावर या पुस्तकांत सहसा एक पान असतं आणि ते ब्रिटिश काळातून थेट आलेलं वाटतं. ‘डिअर’समोर ‘प्रिय’ छापतात, म्हणून मुलं साहेबाला ‘डिअर’ लिहायला लाजतात आणि ‘रिस्पेक्टेड सर’कडे वळतात. पत्रातला ‘डिअर’ म्हणजे प्रेम नव्हे, आपलं ‘स. न. वि. वि.’ जितकं भावनाशून्य तितकाच तो. ब्रिटिश रीतीप्रमाणे ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरू केलेल्या पत्राखाली ‘युअर्स फेथफुली’, आणि ‘डिअर मिझ क्लार्क’ असं नावाने सुरू केलेल्या पत्राखाली ‘युअर्स सिन्सिअरली’. ईमेलला एवढं सोवळं नाही : पहिल्या वेळी ‘डिअर’, उत्तर ‘हाय’ने आलं तर पुढचं तुमचंही ‘हाय’ने. ‘गुड मॉर्निंग’ ईमेलमध्ये टाळावं. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. तुमची सकाळ त्यांच्या आदल्या रात्री पोचते. कचेरीच्या चॅटवर नुसतं ‘हाय’ टाकून उत्तराची वाट बघत बसू नये, काम त्याच निरोपात लिहावं.

राहता राहिला निरोप. इथे धडा सगळ्यात तोकडा : ‘गुडबाय’ आणि ‘टाटा’, बस. पुरतं ‘गुडबाय’ आज जड वाटतं; त्याचं मूळ ‘देव तुमच्यासोबत असो’ अशा अर्थाच्या वाक्यात आहे आणि अजून ते थोडं कायमचं निघाल्यासारखं लागतं. रोजच्याला ‘बाय’, ‘सी यू’, ‘टेक केअर’. ‘सी यू लेटर’ दुकानदारानेही म्हटलं तर ती भेटीची वेळ ठरवलेली नसते. पहिल्यांदा भेटलेल्याला निघताना ‘नाइस मीटिंग यू’. येताना ‘टू मीट’, जाताना ‘मीटिंग’. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, पण ते ‘आय अ‍ॅम कमिंग’ होऊन बाहेर पडलं की यजमान ‘कुठे?’ म्हणून बघत राहतो. ‘आय शुड गेट गोइंग’ म्हणावं, आणि ते म्हटल्यावर आपल्यासारखं दारात अर्धा तास उभं न राहता खरंच निघावं. ब्रिटिश घरात पाहुणे म्हणून गेलात आणि यजमानाने ‘राइट...’ असं लांबवत दोन्ही हात मांड्यांवर थापटले, तर तो काही नवा विषय काढत नाहीये. चहा संपवा आणि कोट शोधा.